गाडी मुकी केली

माझी गाडी गावात शिरायच्या आधी तिचं किंचाळणं गावात शिरायचं. वळणावर ब्रेकवर पाय ठेवला रे ठेवला की असा आवाज निघायचा, की समुद्राकाठच्या बांधापासून चर्चमागच्या टेकडीपर्यंत सगळ्यांच्या कानठळ्या बसाव्यात. पोरं ओरडायची, "डुक्कर कापतायत, डुक्कर!" आणि बायका आपल्या पोरींना सांगायच्या, "फेतुआओ आली गं, दुकान उघडेल आता, जा साबण घेऊन ये."

आमचं गाव वाइलेपा, सवाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. माझं तिथे किराण्याचं छोटं दुकान आहे. ऑकलंडच्या लेकीनं मला ती जुनी जपानी गाडी पाठवली, म्हणजे आईला बोटीच्या धक्क्यावरून माल आणायला बसची वाट बघायला नको. गाडी चांगली होती. पण आमच्या किनाऱ्याची खारी हवा बोटाएवढा खिळासुद्धा सोडत नाही, तर गाडीचं लोखंड कुठून सोडणार? वर्षभरात हॉर्न मेला, मग खिडकीची काच अडकली, आणि मग ब्रेक वाजायला लागले.

पेलेनातो माझा चुलतभाऊ. एका जाड बुंध्याच्या झाडाखाली पत्र्याचं छप्पर टाकून तो गाड्या दुरुस्त करतो. त्यानं माझ्या ब्रेकसाठी काय नाही केलं! आधी चाकं काढून सगळं गोड्या पाण्यानं धुतलं. चार दिवस आवाज गेला, पाचव्या दिवशी परत आला. मग ब्रेकचे पॅड घासले, मग पॅडच बदलले. शेवटी पॅडच्या पाठीला कसलंसं चिकट मलम लावलं. ते लावताना बोटाला लागलेला कणसुद्धा तो फडक्याला पुसत होता, आणि चाक आवळणारं पॅडचं तोंड तर त्यानं दोनदा पुसलं. मी शेजारी बसून केळं खात होते, बघत होते. का पुसतोस, म्हणून काही विचारलं नाही.

तरीही गाडी वाजलीच.

"ताई, आता डिस्कच बदलायला हवी," तो म्हणाला. "खाऱ्या हवेनं तिच्यावर चर पडलेत. आपिया शहरात निरोप धाडलाय, बोटीनं येईल."

"कधी?"

"दोन आठवडे. तीन धर."

"आणि तोवर मी काय करू? कानात बोळे घालू?"

"वाजू दे की. वाजतोय म्हणजे लागतोय. तुला ब्रेक लागायला हवाय की गाणं म्हणायला?"

"तुझं काय जातंय बोलायला? नाक माझं कापलं जातंय."

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण नाक खरंच कापलं जात होतं.

त्याचं असं की आमच्याकडे संध्याकाळी शंख फुंकला की सगळं गाव प्रार्थनेला घरात बसतं. गावातले तरणे पुरुष पहाऱ्याला रस्त्याकडेला उभे राहतात. जो जिथे असेल तिथे त्यानं थांबायचं, गाडी असली तर गाडीनं. माझी माल घेऊन परतायची वेळ नेमकी तीच. शंख वाजला की मला ब्रेक दाबावाच लागे, आणि ब्रेक दाबला की अख्ख्या गावाच्या स्तोत्रात माझं डुक्कर किंचाळे. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पाद्रीबाबांच्या घरातलं गाणं मधेच थांबल्याचं मी गाडीत बसून ऐकलं. त्या रविवारी प्रवचनात ते म्हणाले, "काहींची यंत्रं देवापेक्षा मोठ्यानं बोलतात." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय होती? बायकांच्या सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

मग गावाच्या बैठकीत माझ्या भावाला ऐकून घ्यावं लागलं. आमच्या घराण्याची पदवी त्याच्याकडे आहे, तुइफाना, आणि घराण्यातल्या कुणाचंही चुकलं की मान पदवीवाल्यानंच खाली घालायची. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमच्यात बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. तो तिच्यावर आवाज चढवत नाही. बैठकीवरून तो माझ्याकडे आला, मी वाढलेला तारोचा कंद त्यानं गुपचूप खाल्ला, हात धुतले आणि एवढंच म्हणाला, "ताई, शंखाच्या आधी घरी पोचता आलं तर बघ." त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

शनिवारी दुपारी मी खोबरेलाची बाटली घेतली.

आमच्या घरात खोबरेल कशाला लागत नाही? बाळाच्या अंगाला, म्हातारीच्या गुडघ्याला, केसांना, भाजल्यावर, शिवणयंत्राला, कुरकुरणाऱ्या दाराला. जे जे वाजतं त्याला खोबरेल, हे मी आईच्या मांडीवर शिकले. आणि पेलेनातोनंही काहीतरी लावलंच होतं की! त्यानं थोडं लावलं, मी जरा सढळ हातानं लावीन, एवढाच माझा विचार. कोंबड्याचं लांब पीस बाटलीत बुडवलं आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून जिथवर हात पोचला तिथवर फिरवलं. चांगलं तीन-तीनदा.

संध्याकाळी शंख वाजला तेव्हा मी गावाच्या वेशीवर होते. ब्रेक दाबला. आवाज नाही! घराघरांतून गाणं येत होतं आणि माझी गाडी त्या गाण्यात अळीमिळी गुपचिळी. थांबता थांबता ती जरा पुढे सरकली, एवढी की रस्त्यावर उभा असलेला एक तरणा टुणकन बाजूला झाला आणि दात विचकून हसला. मला वाटलं, ब्रेक मऊ झालाय. मनात म्हटलं, पेलेनातोला महिनाभर जमलं नाही ते मी एका पिसानं केलं. मला केवढा आनंद झाला होता, ते आता सांगताना जीभ जड होते.

सोमवारी सकाळी मी धक्क्याकडे निघाले. आमच्या गावाला लागूनच फालेतुई. तिथे रस्ता उतरत जातो, खाली वळण आहे, आणि वळणापलीकडे मुलियागाचं घर. मुलियागाला सत्तरी उलटून गेली होती आणि दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला. सकाळी तो नारळांची एकचाकी ढकलत रस्त्याच्या मधोमध चालायचा, कारण कडेचे खड्डे त्याला दिसत नसत. माझी गाडी वर उताराला किंचाळली की तो एकचाकी गवतात घालायचा आणि मी कुठे आहे ते न दिसताच हात वर करायचा. मीही हात करायचे. वर्षभर आमचं हे असंच चाललेलं. हॉर्न नाही म्हणून माझं कधी अडलं नव्हतं.

त्या सकाळी मी वर ब्रेक दाबला. पायाखाली तो दगडासारखा कडक लागला आणि गाडी मात्र धावतच राहिली. आणखी दाबला. खाली रस्त्यात मुलियागाची पाठ दिसत होती. मी खिडकीतून ओरडायला गेले तर काच बंद, अडकलेली. मेलेला हॉर्न बुक्की मारून दाबला. हातब्रेक ओढला तेव्हा गाडीचं बूड फिरलं, पण फार उशिरा. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळून पाहायला त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

दुपारी इस्पितळात त्यानं प्राण सोडला.

पोलिसांना मी सांगितलं, "ब्रेक लागला नाही." हे खोटं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं आणि गाडी न्यायला सांगितली. ती गवतातून ओढून काढायला पेलेनातोच आला. त्यानं जॅक लावला, पुढचं चाक उचललं, आत वाकून बघितलं आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठून माझ्याकडे न बघता साखळी बांधली.

संध्याकाळी आमचं सगळं घराणं तुइफानाच्या घरी जमलं. कुणी पेलेनातोला थेट काही बोललं नाही. पण माझी एक चुलत वहिनी आहे, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "स्वस्तातले पॅड घातले असतील. किती वेळा चाकं काढली, किती वेळा घातली, एखादा खिळा राहिला असेल." सगळ्यांनी माना हलवल्या. पेलेनातो खांबाला टेकून बसला होता. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याची बायको रडत होती. आणि मी? मी चटईची कड नखानं उसवत बसले. आता सांगते, मग सांगते, असं करत करत बैठक संपली.

"उद्या पहाटे इफोगा," तुइफाना म्हणाला.

म्हणजे ज्यांचा माणूस आपल्यामुळे गेला त्यांच्या दारात जाऊन गुडघे टेकायचे, डोक्यावर घराण्याची मानाची चटई घ्यायची, पुढ्यात चुलीचे दगड आणि लाकडं ठेवायची. आम्ही तुमचे, भाजा नाहीतर सोडा. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर पूर्वी कोयते निघायचे. हल्ली ते नुसते आत बसून राहतात, आणि ते सोसणं कोयत्यापेक्षा सोपं आहे असं कुणी मला सांगू नये.

तुइफानानं पेटीतून आमच्या आईच्या हातची चटई काढली. रेशमासारखी मऊ, दोन वर्षं विणत होती ती. पेलेनातोच्या ट्रकमधून आम्ही वीस-बावीस जण अंधारातच फालेतुईला पोचलो. मुलियागाच्या घरी दिवा होता, रडणं चालू होतं. आम्हाला बघून रडणं थांबलं आणि घराचे पडदे खाली आले. आम्ही अंगणातल्या काळ्या खड्यांवर गुडघे टेकले. चटईखाली पुढे माझा भाऊ, त्याला चिकटून मी. बाकीचे मागे उघड्यावर.

उजाडलं, मग ऊन आलं. खडे गुडघ्यात रुतले. माझ्या भावाचा श्वास माझ्या कानाशी होता आणि मला वाटत होतं, हीच वेळ आहे, याच्या कानात सांग. हा माझ्यासाठी वाकलाय, निदान कशासाठी वाकलाय ते तरी याला कळू दे. पण मला माफी हवी होती हो. खरं सांगितलं असतं तर ती मिळाली नसती, आणि गप्प राहून जी मिळाली असती ती माझी नसती, दुसऱ्याच कुणा निर्दोष बाईची असती. हे मला तिथे वाकल्या वाकल्या लख्ख कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

ऊन डोक्यावर यायच्या सुमारास खड्यांवर पावलं वाजली आणि चटई उचलली गेली.

मुलियागाचा थोरला मुलगा योसुआ समोर उभा होता. डोळे सुजलेले. तो म्हणाला, "उठा. तुमचं वाकणं आम्हाला पोचलं. माझा बाप म्हातारा होता, रस्त्याच्या मधून चालायचा. आम्ही त्याला किती वेळा सांगितलं. देवानं नेलं." त्यानं चटई घडी करून हातात घेतली. आमच्या बायका मोठ्यानं रडायला लागल्या. कुणीतरी माझा हात दाबला.

तुइफाना उभा राहून बोलला. पदवीवाल्यानं बोलायचं तसं, शांत, एकेक शब्द तोलून. "आमच्या बहिणीच्या हातात यंत्र होतं आणि यंत्रानं घात केला. आमच्याच एका माणसाच्या हातून काम कच्चं राहिलं. त्याचीही मान आज तुमच्यापुढे खाली आहे."

सगळे पेलेनातोकडे बघायला लागले. तेवढ्यात आतून मुलियागाची बायको बाहेर आली, सौनोआ. ठेंगणी, पाठीत वाकलेली. ती सरळ पेलेनातोपाशी गेली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरा, लोखंडाचं कुणी काय सांगावं?" ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पोराबाळांना बघ."

तो धाय मोकलून रडला. चाळीशीचा दांडगा पुरुष, तिच्या पायाशी. आत कोकोचं पातेलं उकळत होतं, आमच्यासाठीच. एक मुलगी पेले घेऊन बाहेर येत होती. तो पेला माझ्या हातात आला असता तर मी तो प्यायले असते, आणि मग आयुष्यभर गप्प बसले असते. मी मला चांगली ओळखते.

"काम कच्चं नव्हतं," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "काम चोख होतं. मी ब्रेकला खोबरेल लावलं. वाजू नये म्हणून. शनिवारी. पेलेनातोला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

मुलगी पेले घेऊन तिथेच थांबली.

सौनोआनं पेलेनातोच्या डोक्यावरचा हात काढला. "वाजू नये म्हणून?" तिनं विचारलं.

"प्रार्थनेच्या वेळी वाजायचे. लोक हसायचे."

"अगं, आमचे हे तर तुझ्या त्या आवाजावरच बाजूला व्हायचे," ती म्हणाली. रागानं नाही, मला काहीतरी साधं समजावून सांगावं तशी. मग ती वळली, आत गेली आणि पडदा स्वतःच्या हातानं खाली ओढला.

योसुआच्या हातात घडी केलेली चटई चुरगळत होती. "जा इथून," तो दातांतून म्हणाला. "चटई एकदा उचलली ती उचलली. तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. पण जा."

"तुम्ही ती खोट्यावर उचललीत," माझा भाऊ म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं. आमच्या जन्मात पहिल्यांदा तो माझ्याकडे तसा बघत होता, आणि तरीही त्यानं आवाज चढवला नाही. "खोट्यावर उचललेली चटई धरायची नसते. आम्ही परत बसतो."

पण चटई आता त्यांची होती. आमच्याकडे दुसरी नव्हती. तुइफानानं सदरा काढला, उघड्या डोक्यानं, उघड्या पाठीनं त्याच खड्यांवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. मी त्याच्या शेजारी टेकले. मागे कुजबुज झाली. काही जण बसले, काही जण रस्त्याकडे निघाले. वहिनी पहिली निघाली.

पेलेनातोची बायको त्याचा हात ओढत होती. "चला, उठा. तुमच्यावरचं गेलं. आता त्यांचं ते बघतील." तो उठला आणि ट्रककडे चालत गेला. मी मनात म्हटलं, जा बाबा, तुझं बरोबर आहे. ट्रकचं फळकूट खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड, तेलकट माझ्या पाठीवर पडलं आणि ऊन गेलं. गाड्यांखाली झोपायला तो अंथरतो ती ताडपत्री. ग्रीसनं काळी झालेली, दोन ठिकाणी फाटलेली. ती त्यानं तुइफानावर आणि माझ्यावर नीट ओढली आणि स्वतः आत शिरून माझ्या दुसऱ्या बाजूला वाकला.

"जा ना तू," मी कुजबुजले. "तू सुटलास."

"मला कालच कळलं होतं," तो म्हणाला. "चाक उचललं तर सगळा खोबऱ्याचा वास."

"मग बोलला का नाहीस? सगळ्यांनी तुला धरलं. तिनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तरी!"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"आणि नसतं सांगितलं तर?"

पलीकडून माझा भाऊ म्हणाला, "गप्प बसा दोघं. वाकून बसा."

ताडपत्रीखाली घाम टपटप खड्यांवर पडत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बोटीचा दुपारचा भोंगा झाला, त्यानंतर शाळा सुटल्याचा गलबला झाला, आणि तोही लांब गेला. माझ्या पायांना मुंग्या येऊन गेल्या आणि मग पाय आहेत की नाहीत तेही कळेना.

ऊन उतरल्यावर ताडपत्री निघाली. योसुआ नव्हता, सौनोआ एकटीच होती. ताडपत्रीचं काळं तिच्या दोन्ही हातांना लागलं होतं. तिनं आधी माझ्या भावाच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं. त्याला धड उभं राहता येईना, तर तिनं त्याला आपल्या अंगाचा टेकू दिला आणि पायरीवर नेऊन बसवलं. मग ती परत आली. पेलेनातोचा हात धरला, त्याला उठवलं, पायरीवर नेलं. मुलीला हाक मारून म्हणाली, "कोको गरम कर, यांना दे." मग ती त्या दोघांच्या शेजारी बसली आणि हातपंख्यानं वारा घ्यायला लागली.

मी अंगणात गुडघ्यांवरच होते. डोक्यावर काहीच नव्हतं. मला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. सौनोआ माझ्याकडे बघत होती, पण ती काही उठली नाही.

बराच वेळ मी वाट पाहिली. मग दोन्ही हात खड्यांवर टेकले आणि माझी मी उठले.